पाडव्याला बी नको, फळ हवं

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सुपेल्यात भाजीपाल्याचा वसंत पंचांगाच्या बराच आधी सुरू होतो. महाराष्ट्रातून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत अजूनही ‘पाडवा होऊ दे, मग परसात काहीतरी लावू’ असं म्हणायची सवय आहे, आणि तिथेच हंगाम हातचा जातो. पाडव्यानंतर पारा चाळिशीकडे धावतो, मे महिन्यात 42 ते 44 अंशांवर ठाण मांडतो. थंड मुलखातले बागवाले वसंतात कडाक्याची शेवटची रात्र सरायची वाट बघतात. आपली घाई उलटी आहे: ऊन पेटायच्या आत वेल फुलावर आले पाहिजेत.

त्यामागचं कारण साधं आहे. दिवस लांबले आणि उष्मा वाढला की दुधी, दोडका, कारली या वेलांवर नरफुलांचीच गर्दी होते, मादीफुलं कमी धरतात. वेल हिरवागार दिसतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून वेलवर्गीय भाज्यांचं बी संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत पडलं पाहिजे. जानेवारीच्या गारठ्यात ते जमिनीत रुजायला कुरकुरतं. अशा वेळी छोट्या पिशव्यांत माती-खत भरून बी टोचायचं, पिशव्या दिवसा उन्हात आणि रात्री भिंतीच्या आडोशाला ठेवायच्या. दोन-चार पानांवर रोप आलं की मुळांना धक्का न लावता आळ्यात. कारल्याचं कवच टणक असतं, ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. भेंडी, गवार आणि चवळीला (इथली बरबट्टी) होळीपर्यंत सवड आहे. त्यापुढे नाही.

टोमॅटोचा मोह मात्र आवरा. शेजारचा धमधा परिसर टोमॅटोसाठी नावाजलेला, त्यामुळे आपल्याकडेही मार्चमध्ये रोपं लावायची हुक्की येते. पण दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल, तर टोमॅटोची फुलं गळतात. त्याची पाळी पावसाळ्यानंतर.

आता मातीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. छत्तीसगडचे शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतात: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी, डोरसा तिच्या जवळची. पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमागची जागा असो की सुपेल्यातल्या घराची बाडी, म्हणजे परसबाग, तुमच्या वाट्याला बहुधा लालसर मुरमाड भाठा किंवा पिवळसर मटासी येते. घर बांधताना टाकलेला भराव निराळाच. भाठ्यात पाणी ठरत नाही. मटासी पाणी दिलं की चोपते आणि वाळली की वर पापुद्रा धरते, त्याखाली कोंब गुदमरतो. सगळी जागा सुधारायच्या भानगडीत पडू नका, फक्त आळी सुधारा. दीड फूट लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या, मुरूम बाहेर काढा, निम्मी चांगली माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत भरा, वर दोन मुठी निंबोळी पेंड. खत इथे दुर्मिळ नाही. गावोगावी घुरवा, म्हणजे उकिरडा, असतोच. 2020 मध्ये हरेलीच्या दिवशी, 20 जुलैला, राज्य सरकारने 2 रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गांडूळखताचं नाव घराघरांत पोचलं. घेताना एवढंच बघा की खत कुजून काळं, भुसभुशीत झालंय आणि त्याला शेणाचा वास उरलेला नाही. कच्चं शेण हुमणीला आणि वाळवीला आवतण देतं.

आळ्यावर पैरा अंथरा. भाताच्या या प्रदेशात पेंढ्याला तोटा नाही, आणि उन्हाळ्यात याहून स्वस्त आच्छादन मिळणार नाही. थर चार बोटं जाड ठेवा, पण खोडापासून चार बोटं लांब. कोरडा पैरा खोडाला टेकला की भाठा जमिनीत वाळवी थेट वर चढते. नळाच्या वेळा सांभाळता येत नसतील तर आळ्यात एक भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवा. ते भरलं की पाणी दिवसभर मुळांशी झिरपत राहतं. मडकं मात्र आतून झिलई दिलेलं नको, नाहीतर पाणी आतच राहील.

फुलं आली की संध्याकाळी पाचनंतर परसात जा. दुधी आणि दोडक्याची फुलं दिवस कलताना उमलतात, काकडी, कारली आणि कोहळा यांची सकाळी. मादीफुलाच्या देठापाशी बारीकसं फळ दिसतं: दुधीचं लवदार, बोटाच्या पेराएवढं. नरफुलाचा देठ सरळ, नुसताच. वस्तीत मधमाश्या कमी असतील तर ताजं नरफूल खुडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा परागदंड मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. पराग लागले तर चार-पाच दिवसांत फळ फुगू लागतं. नाही लागले तर ते पिवळं पडून गळतं, आणि लोक उगाच औषधाच्या दुकानाकडे धावतात.

औषधाचं म्हणाल तर दोनच शत्रू ध्यानात ठेवा. कोवळ्या रोपाची पानं तांबडे भुंगेरे चाळणीसारखी करतात. पहाटे दव असताना चाळलेली राख भुरभुरली की पुष्कळ आवरतं. पुढे फळमाशी कोवळ्या फळाला डंख मारते, आणि कारलं वाकडं होऊन आतून सडतं. तिच्यासाठी क्यू ल्यूरचा कामगंध सापळा लागतो. दुकानात आंब्याच्या फळमाशीचा सापळा पुढे करतात, त्यात मिथाईल युजेनॉल असतं. तो इथे कामाचा नाही, म्हणून नाव वाचूनच घ्या. सडकी फळं कोपऱ्यात फेकू नका, हातभर खोल पुरा. निंबोळी अर्क मारायचा असेल तर मधमाश्या परतल्यावर, सूर्य मावळताना.

भेंडीचं दुखणं वेगळं. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की हळद्या आला, आणि तो पांढरी माशी पसरवते. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण त्याला बऱ्यापैकी तोंड देत, पण आता त्यांच्यावर सगळा भार टाकता येत नाही. रोगट झाड दिसताक्षणी उपटा, हळहळू नका. बाकीच्या झाडांची भेंडी दिवसाआड तोडा, नाहीतर ती जून होते आणि झाडही पुढची फुलं आखडतं.

पालक-मेथी मार्चनंतर विसरा. त्यांची जागा लाल भाजी घेते, म्हणजे आपला लाल माठ. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाकलं की महिन्याभरात तोडणी. आणि चेच ही इथली पालेभाजी एकदा लावून बघाच. आपल्याकडच्या माणसाला तिचा बुळबुळीतपणा आधी रुचत नाही, पण ती उन्हाला भीक घालत नाही. कोथिंबीर हवी असेल तर घराच्या पूर्वेला, जिथे दुपारनंतर सावली असते.

मेच्या मध्यावर वेल थकले की ओढून काढा. रिकाम्या आळ्याला पाणी देऊन वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबा. महिनाभराच्या उन्हाने तणाचं बी आणि सूत्रकृमी बरेच मरतात. एखादं आळं मात्र जिमीकंदाला, आपल्या सुरणाला, राखून ठेवा. पावसाआधी पाव ते अर्धा किलोचा तुकडा, प्रत्येकात मधल्या डोळ्याचा अंश येईल असा कापून, शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि डोळा वर करून लावा. कापताना हाताला तेल लावायला विसरू नका.