‘प्रोड्यूसर’ म्हणजे नेमका कोण? माल देण्यापूर्वी ओळखून घ्या

मुंबईतील एखाद्या जरी कारखान्यात फोन येतो, ‘‘मी प्रोड्यूसर बोलतोय. लग्नाचा सीन आहे. चार दिवसांत वीस शेरवान्या हव्यात.’’ कारखानदार थोडा बयाणा घेतो, रात्री जागून माल देतो. महिन्याने बिल घेऊन गेल्यावर तोच गृहस्थ म्हणतो, ‘‘माझ्या हातात काही नाही, पैसे प्रोड्यूसर देतील.’’ मग फोन करणारा कोण होता? बहुधा तोही प्रोड्यूसरच होता, फक्त दुसऱ्या प्रकारचा!

बांधवांनो, सिनेमाच्या कामात पडावे की नाही, हे ज्याने त्याने जाणत्या आलिमांना विचारून ठरवावे. या पानाचा विषय तो नाही. परंतु आपल्यातील अनेक दर्जी, सुतार, जरी कारागीर आणि फर्निचर भाड्याने देणारे या धंद्याला माल पुरवितात. त्यांची मेहनत बुडू नये, म्हणून हा धडा.

मुख्य निर्माता : आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपट बनविण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा, तो निर्माता. व्यवहारात हा बहुतेक वेळा एक माणूस नसून कंपनी किंवा भागीदारी पेढी असते. देणे तिचे असते आणि चेकही तिच्याच खात्याचा असतो.

फायनान्सर : पैसा पुरविणारा आणि चित्रपट घडविणारा वेगवेगळे असू शकतात. ‘मुघल-ए-आझम’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. के. आसिफ यांनी 1940 च्या दशकात काम सुरू केले, तेव्हा पैसा शिराझ अली हकीम यांचा होता. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि काम थांबले. पुढे शापूरजी पालनजी यांनी भांडवल घातले आणि 1960 मध्ये चित्रपट पडद्यावर आला. त्यासाठी दिल्लीचे शिंपी, हैदराबादचे सोनार आणि मुकुट बनविणारे कोल्हापूरचे कारागीर राबले होते. भांडवलदार निघून गेला की मोठ्यातले मोठे कामही ठप्प होते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

सहनिर्माता व सहयोगी निर्माता : सहनिर्माता साधारणपणे पैशात किंवा जोखमीत वाटेकरी असतो. सहयोगी निर्माता ही पदवी मात्र पुष्कळदा मानाची असते. कुणी फायनान्सर गाठून दिला, कुणी नट मिळवून दिला, त्याचे नाव झळकते. नाव पडद्यावर आले म्हणजे सहीचा अधिकार आला, असे नव्हे. अमेरिकेतही अशी नावे इतकी वाढली की, खरे काम करणारा निर्माता ओळखता यावा म्हणून तेथील निर्मात्यांच्या संघटनेने 2012 पासून नावापुढे खास खूण देण्यास सुरुवात केली.

कार्यकारी निर्माता : येथे सर्वाधिक गोंधळ होतो. अमेरिकन टेलिव्हिजनमध्ये हे सर्वात वरचे पद असून मालिकेचा मुख्य लेखकच अनेकदा ते सांभाळतो. आपल्याकडे मात्र कार्यकारी निर्माता हा बहुधा पगारी व्यवस्थापक असतो. तो ऑर्डर देतो, माल मोजून घेतो, पण पैसे मंजूर करणारा वेगळा असतो.

लाइन प्रोड्यूसर : रोजचा खर्च, माणसे, गाड्या, सामान यांचा हिशेब याच्याकडे. तो दोन प्रकारचा असतो. एक कंपनीचा नोकर. दुसरा ठेकेदार, जो ठरावीक रक्कम घेऊन एखाद्या गावातील चित्रीकरणाची सारी व्यवस्था करतो. दुसऱ्या प्रकारात तुमचे पैसे तोच देणार असतो, मूळ कंपनी नव्हे. म्हणून ‘‘ठेका तुमचा की नोकरी?’’ हे आरंभीच विचारावे.

टीव्हीची रीत : 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली, ती प्रायोजकाच्या पैशावर. 1992 पासून खासगी हिंदी वाहिन्या सुरू झाल्या आणि वाहिनीने निर्मितीसंस्थेला दर भागामागे ठरावीक रक्कम द्यायची, ही पद्धत रुजली. निर्मितीसंस्थेचे पैसे वाहिनीकडे अडकले की तुमचेही अडकतात. शिवाय वाहिनीचाही एक कार्यकारी निर्माता असतो आणि एखादा क्रिएटिव्ह प्रोड्यूसरही. ते सेटवर येऊन म्हणतात, ‘‘रंग बदला.’’ तुम्ही दुसऱ्यांदा शिवता, पण त्या खर्चावर सही कुणाची? असा बदल निर्मितीसंस्थेकडून लेखी आल्याशिवाय कात्री चालवू नये.

आता करायचे काय?

1. बिल व्यक्तीच्या नावे नव्हे, कंपनीच्या नावे करा. तिचे पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आधी घ्या.
2. ऑर्डर लेखी घ्या. त्यात नग, दर, तारीख, बदलाचा खर्च आणि ऑर्डर देणाऱ्याचा हुद्दा असावा.
3. निदान कापड आणि मजुरी निघेल इतका बयाणा घ्या.
4. माल पोहोचल्याची सही घ्या. भाड्याचा माल असेल तर मोडतोडीची भरपाईही आधीच लिहून ठेवा.
5. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी काम घेण्यापूर्वीच करून ठेवा. 2006 च्या कायद्याप्रमाणे अशा उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसल्यास मुदत 15 दिवसांची. पैसे थकल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा लाभ नाही. कायदा उशिराबद्दल व्याजही देववितो. ते नको असेल, तरी मुद्दलावरचा हक्क सोडण्याचे कारण नाही.

लिहून मागायला आपले लोक संकोचतात. ‘‘मोठी पार्टी आहे, राग येईल,’’ असे म्हणतात. पण मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षी ठेवावेत आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण पवित्र कुरआनने सूरह बकराच्या 282 व्या आयतीत दिली आहे. तेव्हा कागद मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. त्यात दोघांचेही रक्षण आहे.

पुढच्या वेळी कुणी ‘‘मी प्रोड्यूसर’’ म्हणाला, तर सलाम-दुआ झाल्यावर अदबीने एवढेच विचारा : ‘‘साहेब, चेकवर सही कुणाची असेल?’’ उत्तर मिळेपर्यंत माल आपल्याच कारखान्यात राहू द्या.