पानाचे घोडे कुठे पेंड खाते?



थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी आम्ही तुम्हाला एक सोपा गृहपाठ दिला होता. मुंबईच्या एखाद्या मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील एक बातमी वाचायची आणि नवीन पाच शब्द वहीत लिहून आणायचे. पुढच्या शनिवारी निम्म्याहून अधिक वह्या कोऱ्या आल्या. कारण सर्वांचे एकच: "पान उघडलंच नाही." एका पालकांनी सुचवले की, मुलांना इंग्रजी बातमी वाचू द्यावी. आणि एका मुलीने विचारले, "काकू, मराठीच स्लो असते का?"

हा प्रश्न आमच्या मनाला लागला. पान उघडत नाही एवढ्यासाठी मराठी वाचायचे सुटले, तर ते पुन्हा सुरू होणे कठीण. म्हणून गृहपाठ बदलण्याआधी कारण शोधायचे ठरवले. आम्ही तीन विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या संगणकासमोर बसलो. तिथे जे समजले, तोच आजचा पाठ.

मराठी अक्षरे जड असतात का?

थोडी असतात. संगणक अक्षरे बाइटमध्ये साठवतो. संकेतस्थळांवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट झाले.

पण घाबरू नका. तुम्ही वाचत आहात हा सगळा पाठ सुमारे १५ हजार बाइटचा आहे. फोनवर काढलेला एक फोटो सहज ३० लाख बाइटचा असतो. एका फोटोच्या वजनात असे सुमारे दोनशे पाठ बसतील! बातमीच्या पानाचे वजन वाढते ते मोठी चित्रे, हलत्या जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ यांमुळे. अक्षरे बिचारी कोपऱ्यात बसलेली असतात.

तुमच्या आईबाबांना १९९० च्या दशकातली गोष्ट विचारा. तेव्हा अनेक मराठी संकेतस्थळांचा फॉन्ट वेगवेगळा असे. तो आधी उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती विचित्र चिन्हे दिसत. कुठे कुठे तर मजकुराचे चित्रच पाठवले जाई. युनिकोड रुळल्यावर ही अडचण गेली.

मग अंतरामुळे उशीर होतो का?

मुंबई ते टोरांटो हे अंतर सरळ मोजले तरी सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका जाण्यायेण्याला कमीत कमी सेकंदाचा आठवा भाग लागतो. तारा सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

शिवाय एका फेरीत काम होत नाही. आधी पत्ता शोधायचा, मग दार ठोठवायचे, मग कुलूपकिल्ली जुळवायची आणि शेवटी पान मागायचे. पानात परत पन्नास तुकडे असतील, तर आणखी फेऱ्या. अशा फेऱ्यांनी एक-दोन सेकंद जाऊ शकतात. म्हणूनच मोठी संकेतस्थळे आपल्या पानांच्या प्रती वाचकांच्या जवळच्या शहरांत ठेवतात.

आता गंमत पाहा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याच्या प्रमुख संगणक केंद्रांपैकी एक अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲशबर्न येथे आहे. टोरांटोहून ते व्हँकूव्हरपेक्षा कितीतरी जवळ! तेव्हा मराठी पान म्हणजे दूरचे पान, असे मुळीच नाही.

तपासणी कशी करावी?

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते वहीत लिहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर काम होईलही, पण कशाने झाले ते कळणार नाही. कारण न शोधता उपाय केला, तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

१. दुसरे संकेतस्थळ उघडा. मराठी विकिपीडिया चटकन आला आणि बातमीचेच पान अडले, तर दोष बहुधा त्या पानात किंवा त्याच्या वाटेत आहे. ब्राउझरमध्ये 'रीडर' सोय असल्यास तीत नुसता मजकूर दिसतो. तो वाचा, किंवा थोड्या वेळाने परत पाहा.

२. सगळीच पाने हळू असतील, तर मोठ्यांना विचारून फोनचे वाय-फाय बंद करा आणि तेच पान मोबाइल डेटावर उघडा. फोनवर पटकन उघडले, तर दोष घरच्या जोडणीत किंवा संगणकात आहे.

३. संगणक राउटरजवळ नेऊन पाहा. आपल्याकडे राउटर पुष्कळदा बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या शेजारी असतो. लोखंडी पत्रा, पाण्याची टाकी आणि वर दोन मजले! वाय-फायच्या लहरी वाटेतच थकतात. राउटर बंद करून ३० आकडे मोजून पुन्हा सुरू करणे हाही उपाय करून पाहण्यासारखा आहे.

४. राउटरजवळही हळूच असेल, तर ब्राउझरची 'प्रायव्हेट' किंवा 'इनकॉग्निटो' खिडकी उघडा. तिथे जोडलेली बहुतेक एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. पान तिथे पळू लागले, तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा आणि कोणते नडते ते शोधा.

५. कॅश रोज पुसू नका. कॅश म्हणजे ब्राउझरचे फडताळ. एकदा आणलेली चित्रे तो तिथे ठेवतो. फडताळ रिकामे केले की सगळा बाजार पुन्हा करावा लागतो, आणि पहिल्या वेळी पान उलट हळू उघडते. पान अर्धवट किंवा जुनेच दिसत असेल, तेव्हाच कॅश पुसावी.

कधीकधी घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्सचे जाळे देशभर बंद पडले. त्यांच्या राउटरच्या रचनेत बदल करताना एक गाळणी काढली गेली आणि माहितीच्या लोंढ्याने मुख्य राउटर कोलमडले. त्या दिवशी घरचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता, तरी काही झाले नसते. म्हणून शेजाऱ्यांकडे चौकशी करणे हीही एक तपासणीच आहे.

आम्हाला काय सापडले?

पहिल्या घरी संगणक वरच्या मजल्यावर आणि राउटर फर्नेसमागे. बातमी उघडायला ४० सेकंद लागली. संगणक राउटरजवळ नेला, तर ६. दुसऱ्या घरी खरेदीत सवलती शोधून देणारे एक्स्टेन्शन प्रत्येक पानात डोकावत होते. ते काढले आणि काम झाले. तिसऱ्या घरी सगळे ठीक होते. बातमीचे पानच जाहिरातींनी जड होते. तिथे आम्ही 'रीडर' वापरला.

तीन घरे, तीन कारणे. त्यांत मराठी कुठेच नव्हती. प्रश्न विचारणारी मुलगी पहिल्या घरातली. तिने त्याच संध्याकाळी पाचाऐवजी आठ शब्द लिहिले. गृहपाठ आहे तसाच राहील. मात्र यापुढे "पान उघडलं नाही" एवढे सांगून चालणार नाही. कोणत्या पायरीवर अडले, तेही वहीत लिहून आणावे.

शब्दार्थ

घोडे पेंड खाणे – नेमकी अडचण असणे.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी – संकट एकीकडे, उपाय भलतीकडे.
फडताळ – भिंतीतील किंवा लाकडी कपाट.
लोंढा – जोराने येणारा मोठा प्रवाह.

स्वाध्याय

१. 'आजी' या शब्दाला यूटीएफ-८ मध्ये किती बाइट लागतील? (चिन्हे नीट मोजा!)

२. डिसेंबर २०१६ मध्ये सी.आर.टी.सी.ने कॅनडातील घरांसाठी सेकंदाला ५० मेगाबिट हे उतरवण्याच्या गतीचे उद्दिष्ट ठरवले. ८ बिट म्हणजे १ बाइट. या गतीने ३० लाख बाइटचा फोटो यायला साधारण किती वेळ लागेल?

३. घरातील एक हळू उघडणारे पान निवडा, वरील पायऱ्या करा आणि घोडे कुठे पेंड खात होते, ते पाच ओळींत लिहा.