अरुंद झडप आणि फुग्याचा उपचार



हजार बाळे जन्मली तर त्यांपैकी सुमारे ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. गावाकडे या सगळ्यांना सरसकट 'हृदयाला भोक' म्हणतात. येथे ज्या दोषाची माहिती आम्ही देत आहोत, त्यात भोक नसते. त्यात दार अरुंद असते.

हृदयाच्या डाव्या निलयातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते. त्या वाटेवर तीन पाकळ्यांची झडप असते. काही बाळांत गर्भातच या पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि तीनऐवजी दोनच पाकळ्या तयार होतात. झडप पुरती उघडत नाही. निरोगी हृदयात निलय आकुंचन पावताना झडपेच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा असतो. समजा निलयात तो १६० आणि महाधमनीत १०० भरला, तर ६० चा फरक पडला. एवढा जादा जोर निलयाला प्रत्येक ठोक्याला लावावा लागतो, म्हणून त्याची भिंत जाड होत जाते.

आई ग्रहणात बाहेर पडली, मागील जन्मीचे पाप भोवले, असे अजूनही ऐकू येते. कारणाशिवाय कार्य नाही असे मानणाऱ्या आपल्या समाजात तरी हे बोल आईच्या माथी मारू नयेत.

तान्ह्या बाळात झडप फारच अरुंद असेल तर ते दूध ओढताना दमते, घामाघूम होते, फिकट पडते. तेव्हा एक दिवसही दवडू नये. मोठे मूल मात्र बहुधा धडधाकट दिसते, कबड्डी खेळते. एखाद्यालाच धावताना चक्कर येते किंवा छातीत दुखते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली की खरखर ऐकू येते आणि टूडी इको तपासणीत निदान पक्के होते.

दाबातील फरक सुमारे ५० किंवा अधिक असेल तर सहसा फुग्याचा उपचार सुचवतात. भूल देऊन जांघेतील रोहिणीतून बारीक तार व नळी, म्हणजे कॅथेटर, वर हृदयापर्यंत नेतात. डॉक्टर पडद्यावर क्ष-किरणांनी ती पाहत असतात. नळीच्या टोकाचा मिटलेला फुगा झडपेत आला की काही सेकंद फुगवतात आणि पाकळ्यांचे चिकटलेले सांधे सुटतात. रक्ताच्या झोताने फुगा सरकू नये म्हणून तेवढ्या वेळापुरते हृदयाचे ठोके मुद्दाम फार जलद केले जातात. फुगा झडपेच्या कड्यापेक्षा मोठा घेत नाहीत, कारण पाकळी फाटली तर रक्त मागे गळू लागते. छाती उघडावी लागत नाही.

१९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रोहिणीत फुगा वापरला. १९८३ साली अमेरिकेतील झुहदी लबाबिदी यांनी मुलांच्या या झडपेवरील अनुभव प्रसिद्ध केला. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत हा उपचार होतो.

पण फुग्याने झडप नवी होत नाही. ती पुन्हा अरुंद होऊ शकते, गळू शकते. अनेकांना पुढे दुसऱ्यांदा फुगा किंवा झडपेची शस्त्रक्रिया लागते. 'आता बरा झाला' म्हणून तपासणी सोडणे हा आमच्या मते सर्वांत मोठा धोका आहे. दात किडू देऊ नयेत, तेथील जंतू झडपेवर बसतात. कोणता खेळ खेळावा हे डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्याकडची अडचण. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन मुले तपासतात. दिवाळीच्या सुमारास धर्मापुरी परिसरातून, बीड जिल्ह्यातून, कोयते निघतात. लेकरे आईबापांबरोबर कारखान्याच्या पालावर जातात. पथक आले तेव्हा मूल हजेरीपटावर असते, वर्गात नसते. अशा मुलांची नावे शिक्षक, अंगणवाडीताई वा आशाताईंकडे लिहून द्यावीत आणि फड संपून परतताच मूल अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथेच करावी. शिधापत्रिका, आधार कार्ड जवळ ठेवावे. इकोचे जुने कागद फेकू नयेत. पुढच्या डॉक्टरांना आधीचा दाब किती होता हे त्यांवरूनच कळते.