एकच किल्ला, दोन मुलं

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात माती येऊन पडते. दगड, विटा, गोणपाट गोळा होतं आणि मुलांचा किल्ला सुरू होतो. पालकहो, घरात दोन मुलं असतील तर यंदा एक करून बघा. किल्ला त्यांनाच बांधू द्या. तुम्ही पहिला तासभर फक्त बघत बसा.

समजा, थोरली आधी वही-पेन्सिल घेते. प्रतापगडाचा फोटो शोधते. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, ते काढते. मावळे मोजून बाजूला ठेवते. तास झाला तरी तिचे हात कोरडेच! धाकट्याचे हात मात्र पहिल्याच मिनिटाला चिखलात. तो रचतो, ते ढासळतं, पुन्हा रचतो. गुहा करायला घेतो आणि मध्येच तिचं तळं होऊन जातं.

अशा वेळी आपल्या तोंडून काय निघतं? "अगं, नुसती कागदावर काय गिरवत बसलीस? तो बघ, निम्मा किल्ला करून मोकळा झाला." आणि दहा मिनिटांनी त्याला, "अरे, जरा ताईसारखं नीट कर की!" म्हणजे दोघांनाही एकच निरोप मिळाला : तुझी पद्धत चुकीची आहे. असं वारंवार झालं की एक जण हळूच बाजूला होतो आणि म्हणतो, "मला नाही येत, तूच कर." क्षमता असूनही मूल हात आखडतं. खरं नुकसान हे आहे.

खरं तर शिकणं दोघांचंही चाललेलं असतं. मोठा दगड खाली हवा, फार ओली माती घसरते, हे धाकट्याला ढासळलेली भिंत शिकवते. थोरली प्रमाण, दिशा आणि कामाचा क्रम शिकते. अळीव हिरवे दिसायला हवेत तर ते काही दिवस आधी पेरायला हवेत, हा हिशोब ती करते.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा लहानपणापासून पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. मुलांच्या स्वभावातले फरक पाहण्यासाठी त्यांनी ९ बाबी मांडल्या. नवीन गोष्टीकडे मूल झेपावतं की मागे राहतं, बदलाशी किती लवकर जुळवून घेतं, चिकाटी किती, लक्ष किती पटकन विचलित होतं, अशा त्या बाबी. त्यांचं म्हणणं साधं होतं : स्वभाव चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. मुलाचा स्वभाव आणि घराच्या, शाळेच्या अपेक्षा एकमेकांशी जुळतात का, हे महत्त्वाचं.

मग आपण काय करायचं?

१. बघा आणि लिहून ठेवा. सुरुवात कशी केली? अडल्यावर काय केलं? मदत मागितली का? कुठे थांबलं?

२. तुलना नको, प्रश्न विचारा. थोरलीला, "यातलं आधी काय बांधून बघूया?" धाकट्याला, "मघाशी ढासळलं ते कशामुळे, सांग बरं?" एकीला सुरुवात करायला आधार मिळतो, दुसऱ्याला थांबून विचार करायला.

३. शिक्का मारू नका. "ही शहाणी, हा धांदरट" असं ठरवून टाकू नका. हीच थोरली सायकल शिकताना बेधडक असेल आणि हाच धाकटा चित्र रंगवताना तासभर मान वर करणार नाही.

४. कामं कायमची वाटून देऊ नका. तिने नेहमी नकाशाच काढायचा आणि त्याने मातीच कालवायची, असं नको. एखादा बुरूज अदलाबदल करून होऊ द्या.

शिक्षक मित्रांनो, हे आपल्यालाही लागू आहे. जूनमध्ये वर्गात नवीन मूल आलं की आपण सहज म्हणतो, "अरे, तू तिचा भाऊ ना? मग तुला हे यायलाच हवं." आपल्याला ते कौतुक वाटतं, मुलाला ओझं होतं. त्याऐवजी पहिले दोन आठवडे एकच कृती दोन प्रकारे करायची मोकळीक द्या. ज्याला आधी आराखडा काढायचा तो काढेल, ज्याला आधी हात घालायचा तो घालेल. शेवटी दोघांनाही एकच विचारा, "हे कसं केलंस?" उत्तर नीट ऐकलंत, तर त्या मुलाला पुढचा धडा कसा शिकवायचा, हे त्यातच सापडेल.