पिंगळा आणि रानपिंगळा

भिलाईसारख्या गजबजलेल्या नगरातही जुन्या झाडाच्या ढोलीतून सायंकाळी बाहेर डोकावणारा पिंगळा अनेकांच्या परिचयाचा असतो. त्याचा जवळचा आप्त रानपिंगळा मात्र सागाच्या पानझडी अरण्यात राहतो. विज्ञानाला त्याची पहिली ओळख झाली ती छत्तीसगडमध्येच. भिलाईच्या पूर्वेस, रायपूरच्याही पलीकडे, फुलझर भागातील बसना येथे ब्लेविट यांनी १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मिळवला. पुढील वर्षी ह्यूम यांनी ब्लेविट यांच्याच नावावरून त्याचे नामकरण केले.

प्रथम दोहोंतील भेद पाहू. पिंगळ्याची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर असते. रानपिंगळा त्याहून किंचित मोठा असतो. पिंगळ्याच्या माथ्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते इतके पुसट असतात की माथा जवळजवळ एकरंगी भासतो. उलट, त्याच्या पंखांवरील व शेपटीवरील पांढरे पट्टे रुंद आणि ठळक असतात. त्याची छाती गर्द तपकिरी, डोके व चोच अधिक भक्कम आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. पिंगळा मुख्यतः तिन्हीसांजेनंतर वावरतो. रानपिंगळा दिवसाउजेडीही शिकार करतो.

हे भेद क्षुल्लक नाहीत. १८८४ नंतर रानपिंगळ्याचा एकही विश्वसनीय नमुना मिळाला नव्हता. मेनर्ट्झहॅगन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर मात्र '१९१४, मांडवी' अशी गुजरातमधील नोंद होती. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला. तो वस्तुतः डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुना नमुना असून त्याची नोंद बनावट होती, असे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे शोधाची दिशा जुन्या, खऱ्या स्थळांकडे वळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांचा खंड भरून निघाला.

त्यानंतर मेळघाट, तानसा इत्यादी अरण्यांतही तो आढळला. तरीही आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. पिंगळ्याला रानपिंगळा समजल्यास नसलेल्या पक्ष्याची नोंद होते. रानपिंगळ्याला पिंगळा समजल्यास त्याचे अरण्य संरक्षणावाचून राहते. म्हणून निरीक्षकाने प्रथम माथा पाहावा, मग शेपटी, आणि त्यानंतरच नाव लिहावे.