नागपूरच्या पुढचं अंतर

नोकरी भामरागड तालुक्यात, घर चंद्रपूरला आणि भाऊ मुंबईत. विमानाचं तिकीट काढण्याआधी काय काय पाहावं लागतं, ते आता अंगवळणी पडलं आहे. इकडे नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. हवाई अंतर दोन विमानतळांमधलं असतं, आपल्या दारापासूनचं नव्हे. मुंबई-नागपूर सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आत, विमानाला दीडेक तास. नागपूर-भामरागड सरळ रेषेत जेमतेम अडीचशे. रस्त्याने मात्र ते साडेतीनशेच्या घरात जातं आणि एसटीत जवळजवळ अख्खा दिवस मोडतो.

२. पावसाळ्यात विमानाच्या निदान दोन दिवस आधी घर सोडा. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा एकमेकींना मिळतात. इंद्रावती भरून वाहू लागली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगतं आणि जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो. पुलाचा कठडा दिसतो का, हे पाहत माणसं काठावर ताटकळतात. अशाच एका सकाळी हातात बॅग घेऊन मी उभा होतो. विमान वेळेवर सुटणार असल्याचा मेसेज मोबाइलवर आलेला. शेजारी एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. भामरागडच्या दवाखान्यातून तिला अहेरीला न्यायला सांगितलं होतं. माझं तिकीट बुडालं तर पैसे जाणार होते, एवढंच. तिच्याकडे पाहिल्यावर तिकिटाचा विचार मनातून गेला. पाणी उतरायला दुपार झाली.

३. सिरोंच्याला असाल तर नागपूरचा हट्ट नको. सरळ रेषेत पाहिलं तरी हैदराबादचा विमानतळ सिरोंच्याला नागपूरपेक्षा जवळ आहे आणि गोदावरीवरच्या पुलाने तेलंगणाचा रस्ताही सोपा केला आहे.

४. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता या सरळ रेषा नकाशावर आखा. त्या वर्धा-नागपूरच्या आसपास एकमेकींना छेदतात. म्हणूनच १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा चारही महानगरांची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरून टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत. दिल्ली-चेन्नई विमानांची सरळ वाट चंद्रपूर जिल्ह्यावरून जाते, रेल्वेचा हमरस्ता बल्लारशाहवरून. देशाच्या इतक्या मध्यावर असूनही गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्थानक म्हणावं तर वडसाच, म्हणजे देसाईगंज.

५. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. राजुरा तालुक्यात मूर्ती इथे मोठ्या विमानतळाचा प्रस्ताव आला, तेव्हा वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेचा प्रश्न उभा राहिला. तो रास्तच आहे. ताडोब्यातून बाहेर पडणाऱ्या तरुण वाघाला ही जंगलं सलग लागतात.

६. विमानतळ की पूल, असं मला विचाराल तर मी आधी पूल मागेन. उंच पूल, बारमाही रस्ता आणि वेळेवर सुटणारी एसटी. चंद्रपूरला विमान उतरू लागलं, तरी पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागड होतं तिथेच अडकून पडणार. जिल्ह्याच्या विकासाचे आराखडे करणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एकदा आलापल्लीहून भामरागडला एसटीने यावं.