दूध नाही, मांस-मासळी नाही. मग शिकणाऱ्या मुलाच्या ताटात काय?

घरातले मूल बारावीच्या, कॉलेजच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागले की घराचे घड्याळ बदलते. सकाळी साडेसहाला तो किंवा ती बाहेर पडते, दुपारी कॉलेज, संध्याकाळी अर्धवेळ काम, नंतर अभ्यासिका, आणि घरी यायला रात्रीचे दहा. या धावपळीत पहिला बळी जातो तो जेवणाचा. वडापाव, बिस्किटाचा पुडा आणि चार-पाच कप चहा यांवर दिवस निघतो.

अशा मुलाच्या ताटात दूधही नसेल आणि मांस, मासळी, अंडीही नसतील तर काय करायचे, असा प्रश्न अनेक माता-भगिनींना पडतो. काहींना लहानपणानंतर दूध पचत नाही. दुधातली साखर पचवणारा आतड्यातला रस वयाबरोबर कमी होतो, मग दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. हा रोग नव्हे, आपल्याकडे पुष्कळ मोठ्या माणसांचे असेच असते. काहींच्या घरी रोजचे दूध परवडत नाही. काही मुले वसतिगृहात शाकाहारी मेसवर जेवतात, तर काहींनी वर्षावासात किंवा स्वतःच्या विचाराने मांसाहार सोडलेला असतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सुकट, बोंबील, अंडी, मटण हे कमी दर्जाचे अन्न आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या घरांना त्या अन्नाने ताकद दिली आहे. ज्याला ते चालते त्याने ते जरूर खावे. ज्याला दूध सोसत नाही पण दही-ताक सोसते, त्यानेही ते उगाच सोडू नये. हा लेख ज्यांच्या ताटात या दोन्ही गोष्टी नाहीत त्यांच्यासाठी आहे. त्यांनी तीन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत: प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२. पहिल्या दोन आपल्या भाकरी-डाळीतून भरून निघतात. तिसरी निघत नाही. तिच्यासाठी गोळीच लागते.

प्रथिने: हिशोब करून बघू

धान्य-डाळींवर राहणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. मुलाचे वजन ५० किलो असेल तर ५० ग्रॅम. हा आकडा मोठा वाटतो, पण एका दिवसाचे खाणे मांडून बघा.

सकाळी ५० ग्रॅम पोहे आणि त्यात २० ग्रॅम शेंगदाणे: ९ ग्रॅम.
डब्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ): १० ग्रॅम.
त्यासोबत ४० ग्रॅम मटकीची उसळ: ८ ग्रॅम.
संध्याकाळी एक मोठी मूठ, म्हणजे ४० ग्रॅम फुटाणे: ८ ग्रॅम.
रात्री ७५ ग्रॅम तांदळाचा भात: ६ ग्रॅम.
४० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण: ९ ग्रॅम.

बेरीज ५० ग्रॅम. यात महाग असे काही नाही. मात्र यातली डाळ, उसळ आणि फुटाणे काढून टाकले तर बेरीज निम्म्यावर येते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात म्हणून पोट भरते, पण नुसत्या भात-चपातीने आणि बटाट्याच्या रश्श्याने प्रथिने पुरत नाहीत. पातळ वरणाचे पाणी भातावर ओतले म्हणजे डाळ खाल्ली असे होत नाही. डाळ वाटीत दिसली पाहिजे.

सोयावडी ही यातली सर्वात स्वस्त मदत. १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी २० ते ३० ग्रॅम वडी पुरे. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून घेतली की उग्र वास जातो.

कॅल्शियम: दुधाशिवायही मिळते

मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. विशीच्या आत-बाहेरच्या मुलांची हाडे अजून भरत असतात, म्हणून या वयात हयगय नको. एका पेल्यात, म्हणजे २०० मिली दुधात ते सुमारे २४० मिलिग्रॅम असते. आता दुधाशिवायचे बघा.

नाचणीच्या दोन भाकऱ्यांत (१०० ग्रॅम पीठ) सुमारे ३५०. पोह्याचे दोन भरगच्च चमचे, म्हणजे २० ग्रॅम न सोललेले तीळ घेतले तर २०० च्या वर. शेवग्याचा ताजा पाला ५० ग्रॅम, सुमारे १५०. हुलगे, ज्यांना कोकणात कुळीथ म्हणतात, ते ४० ग्रॅम घेतले तर १०० च्या वर. एवढ्यानेच ८०० पर्यंत पोहोचतो. बाकीचे डाळी, मेथी आणि इतर भाज्यांतून येते.

पालक, माठ आणि राजगिऱ्याच्या पाल्यातही कॅल्शियम असते, पण त्यांतले एक आम्ल ते शरीराला नीट घेऊ देत नाही. त्या भाज्या इतर गुणांसाठी खाव्यात, पण कॅल्शियमसाठी शेवगा आणि मेथीवर भर द्यावा. विदर्भ-मराठवाड्यात जिथे घरात नाचणी नसते, तिथे तिळाची चटणी आणि हुलग्याचे शेंगोळे यांनी जागा भरावी. हाडांना ऊनही लागते. दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्याने रोज थोडा वेळ उन्हात चालावे.

बाजारातले सोया किंवा बदामाचे दूध म्हणजे दुधाची बरोबरी नव्हे. वरून कॅल्शियम घातलेले नसेल तर त्यात ते फार थोडे असते, आणि बदामाच्या दुधात प्रथिनेही नावापुरती असतात. त्या पैशांत तीळ आणि डाळ घ्यावी.

बी-१२: इथे चालढकल नको

बी-१२ हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात आणि आपल्याला ते मांस, मासळी, अंडी, दूध यांतून मिळते. डाळ, भाजी, फळ, धान्य यांत ते भरवशाचे नसते. आंबवलेली इडली, आंबील किंवा मोड आलेली कडधान्ये खाऊन ते मिळते हा गैरसमज आहे.

याची कमतरता लगेच कळत नाही. शरीरात साठा असतो, तो वर्षानुवर्षे पुरतो आणि हळूहळू संपतो. मग थकवा येतो, जीभ लाल होऊन दुखते, हातापायांना मुंग्या येतात, वाचलेले लक्षात राहत नाही. घरचे म्हणतात, मोबाईलमुळे लक्ष लागत नाही. मूल स्वतःला दोष देते. आणि फार दिवस दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे: दूध, अंडी, मांस, मासळी काहीच न खाणाऱ्याने बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. ती रोजची लहान असते किंवा आठवड्याची मोठी. कोणती घ्यायची हे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. मुंग्या येत असतील तर थांबू नका, रक्ततपासणी करून घ्या. नुसत्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत बी-१२ कळत नाही, ते वेगळे तपासावे लागते.

रेशनच्या तांदळात काही वेगळे, थोडे पिवळसर दाणे दिसतात. त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून काही घरांत निवडून टाकतात. ते पोषणयुक्त दाणे आहेत. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले असते. ते टाकू नयेत. तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि भाताचे पाणी ओतून देऊ नये. मात्र एका किलो तांदळात बी-१२ जेमतेम १ मायक्रोग्रॅम असते आणि शरीराची रोजची गरज २ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. तेव्हा या तांदळाने गोळी टळत नाही.

लोह: मुलींकडे विशेष लक्ष

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. डाळी, कडधान्ये, बाजरी, पालेभाज्या यांत लोह असते, पण ते शरीरात सहज जात नाही. जेवणात लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर जास्त जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी जाते. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे. शाळेत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती लपवून फेकू नये. घरात सिकलसेलचा आजार असेल तर मात्र लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

एका चुलीवर दोन्ही

घरात बाकीचे सगळे मांसाहार करत असतील तर एका मुलासाठी आईने वेगळा स्वयंपाक करायचा का? तशी गरज नाही. वाटण एकच करावे. मसाला परतून झाला की त्यातला थोडा दुसऱ्या भांड्यात काढावा. एकात मटण किंवा सुकट, दुसऱ्यात सोयावडी किंवा बेसनाच्या पातोड्या. चपातीला तुपाऐवजी तेल. कढीऐवजी आमटी. आणि बुद्धपौर्णिमेची खीर नारळाच्या दुधात, गूळ घालून केली तर ज्याला दूध चालत नाही तोही सर्वांबरोबर बसून खाऊ शकतो.

कडधान्य भिजवणे, डबा भरणे, भांडे धुणे ही कामे शिकणाऱ्या मुलाने, मग तो मुलगा असो की मुलगी, स्वतः करावीत. रात्री झोपण्याआधी दोन मिनिटांत कडधान्य भिजते. रविवारी तासभर दिला तर तिळाची, शेंगदाण्याची, जवसाची चटणी आणि फुटाण्यांची डबी आठवडाभर पुरते.

आठवड्याचे वेळापत्रक

सोमवार: सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, वर लिंबू. डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ. रात्री वरण-भात, मेथीची भाजी.

मंगळवार: सकाळी मुगाचे धिरडे, तिळाची चटणी. डब्यात चपाती, सोयावडीची सुकी भाजी. रात्री हुलग्याचे पिठले, भात.

बुधवार: सकाळी ताक न घालता नाचणीची आंबील, मूठभर शेंगदाणे. डब्यात भाकरी, झुणका, कांदा. रात्री चकोल्या, म्हणजे एकाच पातेल्यात डाळ आणि चपाती दोन्ही.

गुरुवार: सकाळी वाटाणे घातलेला उपमा. डब्यात चपाती, हरभऱ्याची उसळ. रात्री पालेभाजी घातलेली घट्ट डाळ, बाजरीची भाकरी.

शुक्रवार: सकाळी थालीपीठ, जवसाची चटणी. डब्यात नाचणीची भाकरी, डाळ घालून शेवग्याच्या पाल्याची भाजी. रात्री मसुराची आमटी, भात.

शनिवार: सकाळी उरलेल्या भाकरीचा कुस्करा, त्यात शेंगदाणे. डब्यात मूगडाळीची खिचडी, तिळाची चटणी. रात्री चवळीची उसळ, चपाती.

रविवार: घरच्यांबरोबर सावकाश जेवण. सोयावडीचा किंवा पातोडीचा रस्सा, नाचणीची भाकरी. आठवड्याची गोळी असेल तर तीही याच दिवशी.

रोज डब्यासोबत एक छोटी डबी असावी: फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा. संध्याकाळी पाच वाजता भूक लागते तेव्हा ही डबी वडापावचे पैसे वाचवते. हंगामात मिळेल ते फळ घ्यावे. पेरू, बोरे, केळी, चिंचा यांना कमी समजू नये.

ज्याला दुधाचा थोडाही त्रास होतो त्याने विकतच्या बिस्किटावरचे, केकवरचे, पाकिटातल्या सूपवरचे बारीक अक्षर वाचावे. त्यांत दुधाची पावडर असते. मेसवाल्या ताईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे दह्यातली भाजी वेगळी काढता येते. चहा कोरा घ्यावा.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण तो त्यांच्यावर आलेला प्रसंग होता. आपल्या मुलांनी उपाशी राहून शिकावे असा त्याचा अर्थ नव्हे. परीक्षेच्या दिवसांत तर जेवण चुकवूच नये.

हे वेळापत्रक कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा. हाताशी असेल त्याप्रमाणे उसळ बदला, भाजी बदला. फक्त रोज रात्री तीन गोष्टी विचारा: आज डाळ किंवा कडधान्य दोनदा झाले का? तीळ, नाचणी किंवा शेवगा पोटात गेला का? या आठवड्याची बी-१२ ची गोळी झाली का?